नाताळची तयारी: बिनदारूचा फ्रूट केक, करंज्या आणि बांबूचा तारा. नागपूरच्या थंडीत काय, कधी करावं?

सदर_चौथा_मजला:

नमस्कार मंडळी. नाताळला साडेतीन आठवडे उरलेत. यंदा केक आणि फराळ दोन्ही घरीच करायचा बेत आहे, २५ डिसेंबर ते १ जानेवारीपर्यंत पुरेल असा. घरात सात माणसं. शिवाय २२ तारखेच्या रात्री चर्चची कॅरल मंडळी येणार, ती पंचवीस तरी असतील.

हाताशी आहे ते असं: २८ लिटरचा ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन), वरखाली दोन्ही कॉइल चालणारा. केकचा डबा ८ इंची, गोल, ३ इंच खोल. रम-वाइन नको, कारण केक लहान मुलांनाही द्यायचा आहे आणि अर्धा वर्ध्याला पाठवायचा आहे. संत्री मात्र भरपूर आहेत.

विचारायचं हे:
१. सुका मेवा कधी आणि कशात भिजवू? संत्र्याचा रस चालेल का?
२. केक किती दिवस आधी भाजला तर चांगला? मधे खचू नये आणि फळं तळाशी बसू नयेत यासाठी काय करायचं?
३. करंज्या तळताना फुटतात, आणि डब्यात गेल्यावर दोन दिवसांत मऊ पडतात. का?
४. बांबूच्या कमट्यांचा तारा घरी करायचा आहे. पाच टोकं सारखी येतच नाहीत.
५. गव्हाणीसाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) हिरवं गवत उगवायचं तर कधी पेरावं?

जेवणाचं विचारत नाही. सावजी मसाल्यावर चर्चा सुरू झाली की बाकी सगळं राहतं बाजूला.

गिट्टीखदान_ओव्हन:

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. अर्धा किलो मेव्याला २०० मिली संत्र्याचा रस घ्या, पाच-सात मिनिटं उकळा, गार करून काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर टिकतं. बाहेर ठेवू नका, दोन दिवसांत फसफसतं. रम असती तर महिनाभर बाहेर राहिलं असतं, कारण अल्कोहोल आंबू देत नाही. रसाला ती सोय नाही.

आंबिया_बहार:

वरच्या सल्ल्यात फ्रिजचं बरोबर आहे, पण रस उकळायचं नागपुरी संत्र्याच्या बाबतीत टाळा. मोसंबीच्या बाबतीतही.

आपल्या संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो. फळ वाईट असतं म्हणून नव्हे. पाकळीच्या पडद्यात आणि बियांत एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. रस काढला की ते आंबट रसात मिसळतं आणि त्याचं लिमोनिन होतं. ते मात्र कडू. उष्णता दिली की हेच काम आणखी झपाट्यानं होतं. म्हणजे रस मिक्सरमधून काढला, बियांचे तुकडे झाले आणि वर उकळला, तर कडूपणाची पक्की व्यवस्था झाली. पुढे तो मेव्यात मुरतो, आणि केक कडू झाला की दोष बिचाऱ्या कॅरॅमलला मिळतो.

मेवा भिजवायला मनुक्यांचं पाणी करा. १०० ग्रॅम काळे मनुके ४०० मिली पाण्यात मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवा, रवीनं घोटा, गाळा. २०० ते २२० मिली गडद, गोड पाणी मिळेल. चोथा दाबून घ्या, पण गाळणीतून खाली उतरू देऊ नका. या गरम पाण्यात मेवा घालून झाकून ठेवा. रात्रभर पुरतं. फ्रिजमध्ये चार दिवस चालेल, त्यापुढे नेऊ नका.

मेव्याचं माप: काळे मनुके १५०, किशमिश १२५, बिया काढून चिरलेला खजूर १००, सुकं अंजीर ५० ग्रॅम. हे झालं ४२५. उरलेले ७५ ग्रॅम संत्र्याची पाकवलेली साल, ती भिजवायची नाही. इतवारीत किराणा ओळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. तिथे लाल चेरी म्हणून जे सुटं विकतात ते बहुधा रंगवून पाकवलेलं करवंद असतं, आणि टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. दोन्ही खायला हरकत नाही, फक्त रंग केकमध्ये उतरतो. घालायचीच तर धुऊन, कोरडी करून घाला.

संत्र्याचा खरा वास सालीत असतो, रसात नव्हे. तेव्हा साल पाकवा:

सहा-सात संत्र्यांची साल घ्या, १५० ते २०० ग्रॅम भरेल. फळं चकाकत असतील तर मेण लावलेलं असतं, कोमट पाण्यात घासून धुवा. आतले पांढरे दोरे ओढून काढा. अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. पाण्यात पाच मिनिटं उकळून पाणी फेका, नवीन पाण्यात पुन्हा पाच मिनिटं. दोनदाच. परदेशी जाड सालीच्या संत्र्यांच्या कृतींत तीन-चार वेळा उकळायला सांगतात. आपली साल पातळ, तेवढी उकळली तर तिचा लगदा होतो.

मग उकळलेल्या सालीइतकीच साखर, त्याच्या निम्मं पाणी, आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू नसलं तर पाक नंतर बरणीत खडबडीत होतो. मंद आचेवर वीसेक मिनिटांत साल पारदर्शक दिसू लागते आणि पाक एकतारी होतो. तेव्हा बंद करा, जाळीवर पसरा, पंख्याखाली सावलीत एक दिवस. डिसेंबरात आपल्याकडची हवा कोरडी असते, दुसऱ्या दिवशी साल हाताला चिकटत नाही. हे काम आत्ताच करून ठेवलं तरी चालेल, नाताळपर्यंत सहज टिकेल. उरलेला पाक फेकू नका, केक भाजून झाल्यावर वरून लावायला तोच घ्या.

ताज्या सालीचा कीसही पिठात घाला, दोन संत्र्यांचा. फक्त केशरी भाग किसायचा, किसणीवर हात हलका ठेवून.

सदर_चौथा_मजला:

कडूपणाचं कारण आज कळलं. मनुक्यांचं पाणीच करते. आता केकचं कुणीतरी सांगा.

मोहननगर_बेकिंग:

ताई, तुमच्या ८ इंची डब्याला हे माप बेतशीर बसतं:

मैदा २२५ ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, ब्राउन शुगर किंवा पिठीसाखर १७५ ग्रॅम, अंडी ४, बेकिंग पावडर सपाट १ छोटा चमचा, भिजवून निथळलेला मेवा, ७५ ग्रॅम साल, १०० ग्रॅम काजू-अक्रोड, कॅरॅमल ६० मिली. मसाला: दालचिनी १ छोटा चमचा, सुंठ अर्धा, जायफळ पाव, लवंग चिमूटभर. लवंग चिमटीपेक्षा जास्त नको, ती बाकी सगळ्यांना दाबते. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका.

कॅरॅमल आदल्या दिवशी करा. १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच वितळवा. चमच्यानं ढवळू नका, पातेलं हलवा. रंग काळ्या कॉफीच्या जवळ आला आणि पहिला धूर दिसला की गॅस बंद, आणि हात लांब ठेवून ८० मिली उकळतं पाणी थोडं थोडं ओता. थंड पाणी ओतलं तर उसळून हातावर येतं, आणि साखर दगडासारखी गोठते ती वेगळीच. परत मंद आचेवर ठेवून गाठी विरघळवा. धूर दिसल्यावर अर्धा मिनिट जास्त गेलं तरी ते कडू. तसं झालं तर सरळ ओतून द्या, साखर स्वस्त आहे.

आता थंडीचा मुद्दा, कारण नागपुरात केक बिघडतो तो बहुतेक इथेच. डिसेंबरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, सकाळी ओट्यावरचं लोणी दगड असतं. दगड लोणी फेटलं तर त्यात हवा धरत नाही, मग केक घट्ट. आणि वितळवून घेतलं तरी तेच होतं, पातळ लोणीही हवा धरत नाही. लोण्याचे तुकडे करून कोमट पाण्याच्या पातेल्यावर भांडं दोन-तीन मिनिटं धरा. बोटानं दाबलं की खड्डा पडला पाहिजे, चमक नको. अंडी फ्रिजमधून काढून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. थंड अंडी घातली की मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. दिसलंच तर घाबरू नका, मापातला एक मोठा चमचा मैदा घालून फेटा, जुळून येतं.

लोणी-साखर हँड मिक्सरनं सात-आठ मिनिटं, रंग फिका होईपर्यंत. अंडी एकेक करून. मग कॅरॅमल, पूर्ण गार झालेलं. मैदा, बेकिंग पावडर, मसाला तीनदा चाळून, दोन हप्त्यांत, उलथण्यानं हलकेच.

फळं तळाशी बसण्याची कारणं दोन: मेवा ओला आणि पीठ सैल. मेवा चाळणीत तासभर निथळू द्या, मग कापडावर पसरा. मापातलाच दोन चमचे मैदा त्याला चोळा, वरचा जादा नको. पीठ इतकं घट्ट हवं की चमचा उभा धरून झटकल्यावर गोळा थबकून पडेल. निथळलेलं पाणी «वाया कशाला घालवायचं» म्हणून पिठात ओतू नका. ते केक भाजल्यावर वरून लावायला ठेवा.

डबा: आत दोन पदरी बटर पेपर, कडा डब्यापेक्षा दोन इंच वर. बाहेरून वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी ओली करून, पिळून, दोऱ्यानं बांधा. छोट्या ओटीजीत कॉइल जवळ असते, ही पट्टी नसली तर कडा करपेपर्यंत मधला भाग कच्चाच राहतो. पट्टी कॉइलला टेकत नाही ना, तेवढं बघून घ्या.

ओटीजी पंधरा मिनिटं आधी तापवा. डबा सर्वांत खालच्या जाळीवर, दोन्ही कॉइल, १५० अंश. ओटीजीच्या बटणावरचा आकडा पंधरा-वीस अंशांनी खोटा असू शकतो, आत ठेवायचा थर्मामीटर घ्या. पाऊण तासानं वर फॉइल सैल झाका. एकूण वेळ पावणेदोन ते सवादोन तास. पहिला तासभर दार उघडायचं नाही. वास आला म्हणून डोकावलं की मधोमध खड्डा. खड्ड्याची आणखी दोन कारणं: बेकिंग पावडर जास्त, किंवा केक अर्धकच्चा काढला. सुरी मधोमध घालून बघा. मनुका लागून चिकट आली तर बाजूला दुसऱ्या ठिकाणी घाला. कच्चं पीठ आणि चिकट मनुका यांत फरक दिसतो.

आणि ओटीजी चालू असताना त्याच लाइनवर गीझर लावू नका. थंडीत घरचे सगळे आंघोळीला एकाच वेळी निघतात, लाइट ट्रिप होते, आणि दोन तासांचा केक मधेच बसतो.

कधी? १९ किंवा २० तारखेला भाजा. डब्यातच पूर्ण गार करा. वरून पाकाचे दोन चमचे लावा, बटर पेपरमध्ये गुंडाळा, त्यावर फॉइल. फॉइल थेट केकला लावू नका, फळांच्या आम्लानं तिला छिद्रं पडतात. चार दिवस मुरल्यावर ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि काप सुबक पडतात. भाजलेल्या दिवशी कापला तर चुरा होणारच. बिनदारूचा असल्यानं आपल्या थंडीत बाहेर आठवडा धरा. १ तारखेसाठीचा भाग आधीच कापून फ्रिजमध्ये टाका. वर्ध्याला जाणारा अर्धा मुरल्यावरच कापा.

सदर_चौथा_मजला:

खूप आभार. दोन उपप्रश्न. घरात एकजण अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी छोटा केक कसा करू? आणि बेकरीच्या भट्टीत घरचा केक भाजून देतात असं ऐकलंय, ते ओटीजीपेक्षा बरं का?

पावभट्टी:

भट्टी ओटीजीपेक्षा बरी, जर वेळ जमली तर. लाकडाची भट्टी पाव काढल्यावर उतरत्या तापमानाची होते. तिला खालून, वरून, भिंतींतून सारखी धग असते, त्यामुळे फ्रूट केक करपत नाही. पण पावाच्या आधी डबा आत गेला तर बाहेरून कोळसा, आतून शिरा. म्हणून बेकरीवाल्यांना विचारायचं ते एवढंच: «दादा, शेवटचा पाव किती वाजता निघतो?» त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं डबा द्या.

पीठ घरून कालवून नेलं तर बेकिंग पावडर तिथे पोहोचल्यावर घाला. घरीच घातली आणि रांगेत तास गेला तर तिचा जोर वाटेतच संपतो. ओल्या पिठात ती शेवटी मिसळताना गाठी होतात, म्हणून अर्धी वाटी मैदा वेगळा ठेवून त्यात चाळून न्या. डबा अॅल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा, प्लॅस्टिकचं हँडल नको. डब्याच्या बाहेर नावाची चिठ्ठी लावाल तर ती भट्टीत जळते. खिळ्यानं तळाला खूण करा किंवा तारेत पत्र्याचा बिल्ला अडकवा. २२ नंतर कुठल्याच भट्टीला उसंत नसते, १८-२० च्या दरम्यान उरका.

बिनअंड्याचा: ७ इंची डब्याला २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा, बेकिंग पावडर १ आणि खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, १५० मिली मनुक्यांचं पाणी, शेवटी १ मोठा चमचा व्हिनेगर. मेवा मात्र ३०० ग्रॅमच्या वर नेऊ नका. अंडं नसलं की केकला सांगाडा कमी, जास्त वजन पेलत नाही. १६० अंशांवर सव्वा तास. व्हिनेगर पडल्यावर पाच मिनिटांत डबा ओव्हनमध्ये गेला पाहिजे. हा केक मुरवत ठेवायचा नसतो, २३ किंवा २४ ला भाजा.

फराळाचा_डबा:

करंज्यांचं सांगतो. फुटणं आणि मऊ पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

माप, चाळीसेक करंज्यांचं: बारीक रवा २५० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, तूप ७५ ग्रॅम, दूध १५० ते १८० मिली, चिमूटभर मीठ. सारण: सुकं खोबरं किसून २५० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, खसखस ५०, तुपात भाजलेला रवा ५०, वेलची, जायफळ. खव्याचं सारण आठवडाभर ठेवायच्या फराळात नको.

तूप कडकडीत तापवून पिठावर ओता, निवल्यावर चोळा. मूठ वळली की मोहन (पिठात घातलेलं गरम तूप) बरोबर. थंडीत हेच तूप पिठात गोठतं, मग भिजवलेला गोळा कडक वाटतो आणि लोक अजून दूध घालतात. तिथे फसतात. दूध वाढवू नका. गोळा ओल्या कापडात तासभर ठेवा, नंतर वरवंट्यानं चांगला कुटा किंवा फूड प्रोसेसरमध्ये फिरवा. मऊ होतो.

फुटण्याची कारणं: सारण ठासून भरणं, आत हवा राहणं, आणि कडा सुकणं. नागपूरची डिसेंबरची हवा लाटलेली पुरी दोन मिनिटांत सुकवते. एका वेळी चारच पुऱ्या लाटा, बाकी गोळा झाकलेला. एका पुरीत सारण एक मोठा चमचा, दाबून नाही. कडेला दुधाचं बोट, पाण्यापेक्षा दूध बरं चिकटतं. आतली हवा बोटानं बाहेर सारून मगच कड दाबा, आणि कातणानं कापा. साचा वापरत असाल तर कडेचं जादा पीठ ओढून काढू नका, त्यानं जोड सैल होतो. भरलेल्या करंज्याही ओल्या कापडाखालीच.

तेल: पिठाचा कण टाकला की सावकाश वर यावा. झपकन आला तर गॅस कमी. एक घाणा सात-आठ मिनिटं. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, आत पापुद्रा कच्चा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच मऊ पडतो. मऊ पडण्याची बाकी कारणं: खोबरं गरम असताना साखर मिसळली (साखर पाझरते), रवा कमी भाजला, किंवा करंज्या कोमट असताना डबा बंद केला. कागदावर उभ्या ठेवून पूर्ण निवू द्या, तीन-चार तास. घाईचं काम नाही.

शंकरपाळे, चकली १७-१८ ला, करंज्या २१ ला. कुलकुल (तळलेली छोटी गोड गुंडाळी) करायचे तर काट्याच्या पाठीवर गोळी दाबून गुंडाळतात, शेवट चिकटवला नाही तर तळताना उलगडतात. रोज कुकीजचा (गुलाबाच्या आकाराच्या कुकीजचा) साचा नवा असेल तर रात्रभर तेलात बुडवून ठेवा. साचा तेलात तापलेला हवा, आणि पिठात तीन चतुर्थांशच बुडवायचा. वरपर्यंत बुडाला की कुकी सुटतच नाही.

कमटी_आणि_कागद:

तारा वाकडा येतो कारण बांधायच्या जागा अंदाजानं धरतात. त्याचं माप ठरलेलं आहे.

बुरडांकडून १० कमट्या घ्या, प्रत्येकी ७५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद, ३-४ मिमी जाड. सगळ्या एकाच लांबीच्या, आणि वाकवल्यावर सारख्या वाकणाऱ्या. एखादी ताठ निघाली तर बदला, ती बाकीच्यांना ओढते. ओल्या बांबूच्या असतील तर दोन दिवस सावलीत वाळवा.

आता प्रत्येक कमटीवर दोन्ही टोकांपासून २८.५ सेंमीवर पेन्सिलची खूण करा. पाच कमट्या तारा काढतो तशा एकमेकींवरून-खालून घालत ठेवा. आतल्या पाच फुल्या बरोबर या खुणांवर आल्या पाहिजेत. आल्या की तारा आपोआप सरळ. आधी पाच टोकं बारीक तारेनं बांधा, मग आतल्या फुल्या. असे दोन सांगाडे. ते समोरासमोर ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा आणि आतल्या पाच फुल्यांमध्ये १५ सेंमीच्या पाच काड्या अडकवा. पोट फुगतं, टोकं निमुळती होतात. उंची ७० सेंमीच्या जवळपास भरते.

कागद पतंगाचा. संक्रांतीच्या निमित्तानं तो डिसेंबरातच बाजारात आलेला असतो. जिलेटीन कागद चमकतो छान, पण दवानं सैल होऊन लोंबतो. खळ मैद्याची, शिजवताना चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं खातात. खळ लहान मुलांच्या हाती देऊ नका. कागद त्रिकोणात कापा, कडेला दीड सेंमी जादा, आणि मागच्या बाजूची एक पाकळी उघडी ठेवा, दिवा बदलायला.

दिवा ५ ते ७ वॅटचा एलईडी, मधोमध लोंबता, कागदापासून चारी बाजूंनी जमेल तेवढा दूर. जुना ६० वॅटचा पिवळा दिवा अजिबात नको, पतंगाचा कागद तेवढ्या उष्णतेनं आधी तपकिरी होतो, मग पेटतो.

गव्हाणी: गहू १३ तारखेला रात्री भिजत घाला. बारा तास भिजवून कापडात बांधा. पुस्तकात चोवीस तासांत मोड येतात, आपल्या थंडीत छत्तीस धरा. एक फूट बाय दीड फुटाच्या ट्रेला पाव किलो गहू. तळाशी दोन सेंमी माती किंवा नारळाचा भुसा, त्यावर गहू एकेरी थरात, दोन दिवस झाकून. पाणी सकाळी शिंपडा. संध्याकाळी शिंपडलं तर रात्रभर गारठ्यात ओल राहते आणि पांढरी बुरशी धरते. २४ पर्यंत ८-१० सेंमी वाढ होते. जास्त वाढलं तर कात्रीनं छाटा.

गोठ्याला तणीस वापरा, भंडारा-गोंदियाकडून येणारं धानाचं चांगलं मऊ असतं. गव्हाचं काड टोचतं. तणसाजवळून लाइटच्या माळा नेऊ नका. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्री ठेवतात, तोवर गव्हाण रिकामी. बाळाच्या भेटीला येणाऱ्या तीन ज्ञानी पुरुषांच्या मूर्ती दूर ठेवून रोज थोड्या पुढे सरकवायच्या, ६ जानेवारीला पोहोचवायच्या. मुलांना हे काम द्या, ती रोज विसरत नाहीत.

सदर_चौथा_मजला:

खुणेचं माप तर कमालच. शेवटचं: २२ ला रात्री दहाच्या सुमारास पंचवीस जण. चहाचं माप कुणी सांगेल का? एवढा एकदम कधी केला नाही.

फराळाचा_डबा:

छोटे कप धरले तर माणशी १०० मिली. दीड लिटर दूध, सव्वा लिटर पाणी, चहापत्ती ६० ग्रॅम, साखर १७५ ग्रॅम, आलं ४० ग्रॅम ठेचून. आलं पाण्यात पाच मिनिटं उकळल्यावरच दूध घाला, आधी दुधात टाकलं तर फाटायची भीती. दूध वेगळं तापवून ठेवा. पंचवीस माणसं दारात उभी असताना थंड दूध उकळायची वाट पाहणं बरं नाही. सोबत शंकरपाळे आणि चिवडा. करंज्या २५ साठी राखा, नाहीतर २१ ला केलेल्या २२ लाच संपतील.

गाणारे आहेत, तर चहाआधी कोमट पाण्याची किटलीही ठेवा. रात्रीच्या गारव्यात चार घरं गाऊन आलेल्यांना पहिलं तेच लागतं.

गिट्टीखदान_ओव्हन:

मनुक्यांचं पाणी मान्य. फक्त एक: ताऱ्याची वायर गच्चीवरून आणणार असाल तर जोड बाहेर नको. डिसेंबरात एखादी अवकाळी सर येतेच, आणि दव तर रोजच. अख्खी वायर घ्या, प्लग आतल्या खोलीत, आणि होल्डरच्या आधी वायरला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.